लाल रोडस्टरला १७ इंची चाकं: कामाच्या नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

चाकं घरी आली. चार नग, व्यास १७ इंच, रुंदी ७ इंच, आठ आऱ्यांची, मिनिलाइट या जुन्या ब्रिटिश चाकाच्या घाटाची, गडद करडा रंग. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका गावातून जुनी घेतली. विकणाऱ्याने ती आधी होंडावर वापरली होती. टायर चढवलेले होते, पण टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले तर २३१४, म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर उरली आहे, तरी दहा वर्षांचं रबर मी गाडीला लावणार नाही. टायर नवे घ्यायचे.

गाडी १९९२ ची युनोस रोडस्टर, १.६ लिटरची, लाल. माझदाने जपानात हीच गाडी युनोस नावाने विकली, अमेरिकेत मियाटा आणि इकडे एमएक्स-५. जगाला ती पहिल्यांदा दाखवली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात. घाट मात्र साठच्या दशकातल्या इंग्रजी उघड्या गाड्यांचा, लोटस इलानच्या वळणाचा. आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो. याच शहरातल्या कॅनलीच्या कारखान्यात ट्रायम्फ स्पिटफायर बनायची, १९६२ पासून १९८० पर्यंत. तिची चाकं १३ इंची होती. युनोसची १४ इंची. तीन पायऱ्या चढून १७ वर जाणं हे पुष्कळांना खटकेल, हे मला माहीत आहे.

मला ती हवीत कारण मोठं चाक मला लहानपणापासून आवडतं. गडहिंग्लजला आजोबांच्या बैलगाडीचं चाक माझ्या खांद्याला लागायचं. लोहाराने धाव लाल करून चाकावर बसवली, वर पाणी ओतलं आणि चर्रकन सगळे सांधे आवळले गेले, ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. या लाल गाडीच्या चाकावरची कमान भरलेली दिसावी असं तिला आणल्या दिवसापासून वाटतंय.

वहीच्या पहिल्या पानावर एक अट लिहून ठेवली आहे: पत्रा कापायचा नाही, ठोकायचा नाही. चाक पुन्हा मिळेल. मागच्या मडगार्डचा मूळ पत्रा पुन्हा मिळणार नाही.

३ मार्च, रविवार

दिवसभर पाऊस. स्वयंपाकघराच्या टेबलावर आकडेमोड.

मूळ चाक १४ × ५.५, ईटी ४५. टायर १८५/६० आर १४ (रुंदी मिमीमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, चाकाचा व्यास इंचांत). नवं चाक १७ × ७, ईटी ३५. ईटी म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकणारा चेहरा यांच्यातलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ईटी जितका कमी, तितकं चाक बाहेर.

मूळ चाकाची रुंदी १३९.७ मिमी, निम्मी ६९.९. त्यातून ४५ वजा केले की हबपासून बाहेरची कड २४.९ मिमीवर येते. नव्या चाकाची निम्मी रुंदी ८८.९, वजा ३५, म्हणजे ५३.९. बाहेरची कड २९ मिमी बाहेर येणार. आतल्या बाजूला ११४.९ चे १२३.९ होतात, म्हणजे ९ मिमी आत. आतली मला काळजी नाही. बाहेरचे २९ मिमी हाच सगळा प्रश्न.

टायर २०५/४० आर १७ घ्यायचं ठरवलं. मूळ टायरचा व्यास ५७७.६ मिमी, नव्याचा ५९५.८. फरक सव्वातीन टक्क्यांच्या आत, ठीक. २१५/४० घेतला असता तर ६०४ च्या जवळ गेला असता आणि रुंदीही वाढली असती, म्हणून तो विचार तिथेच सोडला. टायरच्या बाजूची भिंत मात्र १११ मिमीवरून ८२ मिमीवर येते. खड्ड्यात पडल्यावर दणका झेलणारं रबर तेवढं कमी. वॉरिकशायरच्या रस्त्यांची यंदाची अवस्था बघता हा आकडा मी लाल शाईने लिहिला आहे.

वजन न्हाणीघरातल्या काट्यावर केलं. आधी मी एकटी, मग चाक हातात घेऊन. मूळ सात आऱ्यांचं चाक नुसतं ५.४ किलो, नवं नुसतं ९.२ किलो. जेमतेम ९४० किलोची गाडी, तिच्या दर कोपऱ्याला जवळजवळ चार किलो वाढणार, आणि तेही स्प्रिंगच्या खाली, जिथे प्रत्येक किलो जाणवतो. हे पत्करूनच पुढे जायचं आहे.

९ मार्च, शनिवार

जुने टायर उतरवून आणले, चाकं धुतली आणि अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. अप्पांची हयात शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेली. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग त्यांचं, अॅल्युमिनियमचं नव्हे, पण ओतलेल्या धातूकडे बघायची नजर तीच.

"मागल्या अंगाला काय लिवलंय वाच."

आऱ्याच्या पाठीमागे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे दोन शिक्के आहेत, ही जपानी चाचणीची खूण. ते सांगितलं. अप्पा म्हणाले, "ते नवं असतानाचं झालं. ह्या दहा वर्षांत काय सोसलंय ते बघायला पायजे. दोरीला टांग आन् लाकडानं हाण."

पायऱ्यांच्या कठड्याला दोरी बांधून एकेक चाक टांगलं आणि लाटण्याने आतल्या कडेवर मारलं. पहिली तीन सारखी वाजली, लांबट सूर, दोन-तीन सेकंद घुमणारा. चौथं बद्द. आवाज निघाला आणि तिथेच बसला. मी फोन जवळ धरून पुन्हा मारलं. अप्पा काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, "पोरी, डीपी कर. आवाजावर नुसतं इसंबू नगस."

डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट. तीन स्प्रे कॅन मागवून ठेवलेच होते. चाकाच्या आतल्या पिंपासारख्या भागावरचा सगळा ब्रेकचा काळा थर क्लीनरने काढला, वाळू दिलं, लाल रंग फवारला आणि पंधरा मिनिटं थांबले. मग कापडावर क्लीनर घेऊन पुसलं. चाकावर थेट फवारायचा नसतो, नाहीतर भेगेतला रंगही धुऊन निघतो. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. चुन्याने सारवल्यासारखं चाक पांढरं झालं. मिनिटभर काही नाही. मग आतल्या कडेजवळ, जिथे किंचित पोचा होता त्याच्या मागे, एक लाल ठिपका उमटला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता दोन्ही जोडले जाऊन केसाएवढी रेघ झाली. मोजली, २२ मिमी. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. बोट फिरवलं तरी गुळगुळीत.

ते चाक बाद. वेल्डिंग करून देणारे आहेत, पण वळणावर सगळा भार ज्या कडेवर येतो तिथे जोड नको. विकणाऱ्याला फोटो पाठवला, उत्तर नाही. बाकी तिन्ही चाकं स्वच्छ निघाली. त्याच बनावटीचं एकटं चाक डर्बीकडे मिळतंय, ते मागवलं.

१६ मार्च, शनिवार

डर्बीचं चाक गुरुवारी आलं. आधी दोरी आणि लाटणं, मग डीपी. पास. नवे टायर काल चढवून, बॅलन्स करून आणले.

आज गाडीवर पहिलं माप. गाडी उचलताना एक काळजी घ्यावी लागते. सिलखालची, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याची, दुमड जॅकवर वाकते, आणि या गाड्यांचा मागचा सिल आतून गंजलेला असण्याची शक्यता मोठी. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या भोकांतून नळीने खाली जातं. पानं अडकून ती भोकं तुंबली की पाणी थेट सिलमध्ये उतरतं. म्हणून मागून डिफरन्शियलखाली, पुढून क्रॉस मेंबरखाली जॅक लावला आणि मग चार स्टँड. हात लागलाच होता म्हणून नळ्याही साफ केल्या, उजवीकडून मूठभर कुजका पाला निघाला.

हबचा चेहरा वायर ब्रशने चकचकीत केला. गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक तिरपं बसतं आणि नट कितीही आवळला तरी पुढे सैल होऊ शकतो.

मग रिंगा. युनोसच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमी, नव्या चाकाचं मधलं भोक ७३.१. मधली फट भरायला रिंग लागते, म्हणजे चाक बरोबर केंद्रात बसतं. चाकांबरोबर चार अॅल्युमिनियमच्या रिंगा आल्या होत्या आणि पहिली हबवर सहज सरकली. जरा जास्तच सहज. व्हर्नियर लावला तर आतला व्यास ५६.१. होंडाचं माप. व्यासात दोन मिमी म्हणजे चाक एका बाजूला एक मिमीपर्यंत सरकू शकतं. ताशी ५०-६० मैलांवर स्टिअरिंग थरथरलं असतं आणि मी बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसले असते. ५४.१ च्या रिंगा मागवल्या. आजचं माप जुन्या रिंगांवर, नट हाताने सारखे आवळून.

नट एम १२, पिच १.५. आट्यांची पकड निदान स्टडच्या व्यासाएवढी, म्हणजे १२ मिमी हवी, त्याचे फेरे झाले आठ. प्रत्येक स्टडवर मोजले: साडेआठ ते नऊ. ठीक. मूळ नटांना २१ चा पाना लागतो आणि तो या चाकांच्या अरुंद भोकांत जात नाही. बारीक अंगाचे, १७ च्या पान्याचे नट आणले. बूड ६० अंशांच्या शंकूचं आहे ना, तेवढं बघून घेतलं.

ब्रेकला भरपूर जागा. पुढे सरळ चाकाला काही अडचण नाही, पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लॅस्टिक लायनरला मागच्या कोपऱ्यात टायर पुसट लागतो. मागे नुसतं उभ्या गाडीत सगळं छान दिसतं.

दिसतं. उद्या खरं काय ते कळेल.

१७ मार्च, रविवार

गाडीला आधीच्या मालकाने उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप लावलेले आहेत. हबच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंत मागे ३२२ मिमी भरतं. टायरची त्रिज्या २९८. मधे उरले २४ मिमी. चाक त्याहून वर जाणार हे उघड आहे, म्हणजे टायरचा खांदा कमानीच्या दुमडीच्या, म्हणजे आत वळवलेल्या कडेच्या, आतून वर सरकला पाहिजे. तो दुमडीला लागतो की आतून निसटतो, एवढंच बघायचं.

मागचे दोन्ही शॉकअप उतरवले, स्प्रिंगा काढल्या आणि नुसते शॉकअप परत बसवले. आता बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणारा ठोकळा, रोखेल तिथेच चाक थांबेल, रस्त्यावर थांबतं तिथेच. मग हबखाली जॅक घालून हळूहळू वर.

फट मोजायला फीलर गेज घालायला जागा नाही. टायर आणि पत्रा यांच्यात हातही जात नाही. मी कणीक घेतली. पोळ्यांपेक्षा घट्ट मळलेली, तेलाचा हात न लावता, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून बोटभर जाडीची वळी केली आणि दुमडीच्या आतल्या अंगाला कमानीच्या माथ्यावर चिकटपट्टीने बसवली. चाक पूर्ण वर नेलं, खाली आणलं, वळी काढून सुरीने आडवी कापली आणि सर्वांत दबलेल्या जागी व्हर्नियर धरला.

उजवीकडे ६ मिमी. टायरच्या खांद्यावरच्या रेषासुद्धा कणकेवर उमटल्या होत्या. डावीकडे १ मिमी, आणि मधे कागद फाटून कणीक टायरला लागलेली.

गाडी एका बाजूला का लागते? गॅरेजची फरशी सपाट आहे, हे आधी पाण्याच्या नळीने तपासलं होतं. स्प्रिंगा परत घालून, गाडी चाकांवर उतरवून, चाकाच्या वरच्या-खालच्या कडेला सरळ पट्टी लावली आणि फोनने कोन मोजला. उजवा कँबर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, उणे १.९ अंश, डावा उणे ०.९. उणे म्हणजे माथा आत कललेला. एक अंशाचा फरक. २९८ मिमी त्रिज्येवर एक अंश म्हणजे टायरच्या माथ्याशी ५.२ मिमी. कणकेने जे पाच मिमी दाखवले, ते हेच.

हिशेब इतका चपखल जुळला की मी दोन्ही तुकडे कापलेल्या बाजूने शेजारी ठेवून फोटो काढला आणि अप्पांना पाठवला.

२३ मार्च, शनिवार

डावा कँबर उजव्याएवढा करून घ्यायला अलाइनमेंटवाल्याकडे बुधवारी जाऊन आले. डाव्या मागच्या विशबोनचा, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या दांड्याचा, पुढचा बोल्ट फिरत नाही, आणि जोर लावून तुटला तर जबाबदारी आमची नाही, एवढं सांगून त्यांनी गाडी परत दिली. बरोबर होतं त्यांचं.

मग साहजिकच सगळे सुचवतात तो मार्ग: दुमड आत वाकवायची. शेजारचे आजोबा पोरवयात कॅनलीला ट्रायम्फमध्ये लागले, पुढे आयुष्यभर पत्र्याचंच काम केलं. त्यांच्याकडे कमान वाकवायचं रोलर हत्यार आहे. हबवर चार नटांनी बसतं आणि लांब दांड्याच्या टोकाला नायलॉनचं चाक असतं. ते घेऊन आले, चष्मा लावला आणि आधी अर्धा तास नुसते दुमडीच्या आतून बोट फिरवत बसले.

मग मला बोलावून माझं बोट तिथे ठेवलं. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून ठिपक्यांच्या वेल्डने जोडलेला आहे आणि सांध्यावर सीलरची वात आहे. बत्तीस वर्षांनी ती वात नखाला बिस्किटासारखी लागते. डावीकडे एका जागी रंगाखाली मसुराएवढा फुगा आहे. ते म्हणाले, हे मी गरम करून वाकवीन, रंगाला तडा जाऊ देणार नाही, पण आतला सीलर तुटेल आणि ते मला किंवा तुला कधी दिसणार नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी दोन पत्र्यांच्या मधे शिरेल. दोन हिवाळे. मग इथे हात घातलास तर बोट आरपार जाईल.

हत्यार त्यांनी पेटीत परत ठेवलं. चहा प्यायले. मी त्यांना माझ्या वहीचं पहिलं पान दाखवलं आणि त्यावरच्या मराठीचा अर्थ सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग तो बोल्ट कधी काढायचा?"

मसुराएवढा फुगा आजच खरवडला. खाली गंज वरवरचाच निघाला. गंजरोधक, प्राइमर, लाल रंग, आणि आतून मेण.

२४ मार्च ते १ एप्रिल

बोल्टाचा आठवडा.

या गाडीच्या मागच्या खालच्या विशबोनला दोन विक्षेपी बोल्ट असतात, डोक्याशी केंद्राबाहेर बसवलेली चकती, चकतीवर खुणा. दोन्ही फिरवून कँबर आणि टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, एकत्र जुळवायचे. एकच फिरवला तर कँबर सुधारेल आणि टो बिघडेल. म्हणजे अडकलेला मोकळा करण्यावाचून गत नाही.

अडकतो तो सबफ्रेममध्ये, म्हणजे विशबोन जिथे जोडलेला असतो त्या खालच्या सांगाड्यात नव्हे, तर बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी बैठकीच्या, आतल्या पोलादी नळीत. रबर मधे असल्याने हातोडीचा दणका नळीपर्यंत पोचतच नाही, रबर तो पिऊन टाकतं. रोज सकाळ-संध्याकाळ झिरपणारं तेल मारलं. शुक्रवारी बुशला आच दिली, जळक्या रबराचा वास घरभर, बोल्ट ढिम्म. शनिवारी लांब दांडा लावून फिरवला तर बोल्टाबरोबर नळीही फिरायला लागली आणि रबर पिळवटलं.

रविवारी, ईस्टरच्या दिवशी, कापला. बुशचं टोक आणि सबफ्रेमचा कान यांच्यात करवतीचं पातं जेमतेम जातं. पातं कानाला समांतर ठेवायचं, सबफ्रेमला ओरखडा येता कामा नये. एका बाजूला चार पाती गेली, दुसऱ्या बाजूला तीन. शेजारच्या आजोबांनी पूर्णवेळ दिवा धरला. दुसरा काप पूर्ण झाला आणि विशबोन खाली आला तेव्हा दोघेही काही बोललो नाही, त्यांनी नुसती माझी पाठ थोपटली.

सोमवारी जुना बुश काढला: आटेवाला रॉड, एका टोकाला मोठा सॉकेट, दुसऱ्या टोकाला जाड वॉशर, आणि नट फिरवत राहायचं. त्याच पद्धतीने नवा आत घेतला. नवे बोल्ट नळीत घालण्याआधी तांब्याचं ग्रीस भरपूर लावलं. उजवीकडचे बोल्ट फिरत होते, तरी तेही काढून, ग्रीस लावून परत घातले. पुढच्या माणसाला करवत लागू नये.

विशबोनचे बोल्ट पक्के आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

६ एप्रिल, शनिवार

अलाइनमेंट. मागे दोन्हीकडे कँबर उणे १.९, पुढे उणे १. घरी येऊन पुन्हा स्प्रिंगा काढल्या, पुन्हा कणीक. उजवीकडे ६, डावीकडे ६. मी दोनदा मोजलं.

५४.१ च्या रिंगा बसल्या, अंगठ्याने दाबून, टक् आवाज करून. नट १०५ न्यूटन मीटरला, फुलीच्या क्रमाने.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, संध्याकाळी कामावरून आल्यावर गाडीची पूजा. चारही चाकांना हळद-कुंकू, पुढे नारळ. टप उघडा टाकून घराभोवतीच्या दोन गल्ल्या आणि परत. वेग २० मैलांच्या वर नेला नाही.

गाडी अंगणात उभी करून रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितली. कमान भरली आहे. लाल पत्र्याखाली करडे आरे, आणि पत्रा जसा १९९२ मध्ये जपानातल्या कारखान्यातून निघाला तसाच.

१३ एप्रिल, शनिवार

खरी परीक्षा फॉस वेवर. रोमनांनी आखलेला रस्ता, आता त्यातल्या वॉरिकशायरमधल्या तुकड्याला बी ४४५५ म्हणतात. मैलोन्मैल सरळ आणि अंगाने उंचसखल. स्प्रिंग पूर्ण दबायला याहून चांगला रस्ता जवळपास नाही.

थरथर अजिबात नाही, ५० लाही नाही, ६० लाही नाही. मागून घासल्याचा आवाज नाही.

वेगाचा काटा: पूर्वी काट्यावर ६० असताना जीपीएसवर ५६ दिसायचे, आता ५८. इथल्या नियमाने काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. अजून दोन मैलांची सवलत आहे.

जे बदललं ते मनापासून लिहिते. गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक जोडाची खबर देते, आणि ती आधीपेक्षा कडक आवाजात. रस्त्याला पडलेल्या चाकोरीत शिरली की स्टिअरिंग हळूच ओढतं. ईटी ४५ चा ३५ झाला म्हणजे चाकाची मध्यरेषा दहा मिमी बाहेर गेली, रस्त्याच्या ओढीला तेवढा जास्त दांडा मिळाला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किंचित जड उठते. वळणात मात्र टायरची बुटकी भिंत लवत नाही. हात हलला की नाक हललं, मधे वाट बघणं नाही. माझ्या मनात तराजू बरोबर बसला, पण ज्याला ही गाडी मूळ हलकेपणासाठी हवी आहे त्याने १५ इंचावर थांबावं, आणि चाक हलकं शोधावं.

हवा: मूळ टायरला २६ पीएसआय. या टायरला २९ वर टायरच्या रुंदीभर सारखा खडूचा डाग पुसला गेला, तिथे ठेवली.

५० मैलांनंतर सोळाही नट पुन्हा टॉर्कवर. दोन नटांनी पाव फेरा घेतला.

२० एप्रिल, शनिवार

पुढचा लायनर गरम हवेने मऊ करून मागच्या कोपऱ्यात दाबून घेतला. टायरच्या खांद्याला खडू लावून दोन्हीकडे पूर्ण वळवलं, लायनर कोरडा.

मागची उंची १० मिमीने वाढवली, ३२२ चे ३३२. त्याने बंप स्टॉपची जागा बदलत नाही, चाक तिथवर पोचायच्या वेळा कमी होतात. चार पावलं लांबून बघितल्यावर ते १० मिमी मला तरी दिसत नाहीत. कँबर उंचीबरोबर हलतो, म्हणून पुन्हा अलाइनमेंट.

विमा कंपनीला चाकांचं माप लेखी कळवलं, ते पॉलिसीवर नोंदवून आलं. वार्षिक एमओटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी, गुरुवारी. टायर कुठे घासतो का हे तिथे बघतातच.

२७ एप्रिल, शनिवार

एमओटी पास. जुनी १४ इंची चाकं धुऊन, आतून मेण लावून, कुठलं कुठे ते खडूने लिहून शेडमध्ये. ऑक्टोबरअखेर रस्त्यावर मीठ पडायच्या आधी तीच परत चढतील.

१० मे, शुक्रवार

एक तपासणी उरली होती: दोन माणसं आणि भरलेली डिकी. मी नेहमी एकटीच चालवत होते.

आज संध्याकाळी दुमडीला दोन्हीकडे ताज्या कणकेच्या वळ्या बसवल्या आणि नवरा शेजारी, डिकीत घोंगड्या, तिपाई, डबा, पाण्याचा कॅन असं भरून फॉस वेने दक्षिणेला निघालो. उजेड असेपर्यंत मुद्दाम प्रत्येक उंचवटा घेतला. बर्टन डॅसेटच्या टेकड्यांच्या बाजूला एका शेताच्या फाटकापाशी डबा खायला थांबलो, टप उघडाच होता. साडेदहानंतर उत्तरेकडे आभाळ आधी फिकट हिरवं झालं, मग डोक्यावर गुलाबी पट्टे उभे राहिले. इंग्लंडभर दिसलेला तो ध्रुवीय प्रकाश. सीट मागे करून घोंगडीत गुंडाळून आम्ही तासभर वर बघत होतो. मधेच बॉनेटवर तो गुलाबी रंग उतरलेला दिसला.

घरी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. तशीच बॅटरी आणि सुरी घेऊन मागच्या चाकाशी बसले. डावीकडची वळी, कागद शाबूत, दबलेल्या जागी साडेसात मिमी. उजवीकडे आठ.